नापास होण्याचा मान

"बारबोले सेन्सेई, गाडीला तुम्ही हात लावायचा नाही," इनागाकी म्हणाले. "तुम्ही नुसत्या पुढे चाला. ओढायला विद्यार्थी आहेत."

सरकारी कॉलेजच्या मागच्या दाराशी हातगाडी उभी होती. तिच्यावर गादी अंथरून, दोऱ्यांनी बांधून कॅटरचा लंबक आडवा ठेवला होता. मीटरभराहून लांब पितळी दांडी, दोन टोकांना दोन वजनं, आणि टांगण्यासाठी दोन धारदार पाती. बार्शीच्या कॉलेजात बीएस्सीला असताना याच लंबकाने माझा जीव नकोसा केला होता. जपानच्या त्या आडगावात तो पुन्हा समोर आला तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"पण नवीन शिक्षकाने गाडी स्वतः ओढायची अशी रीत आहे ना?" मी विचारलं.

"रीत आहे." इनागाकींनी मान तुकवली. ते आमचे विभागप्रमुख. अत्यंत सभ्य माणूस. नकारसुद्धा असा द्यायचे की ऐकणाऱ्याने आभार मानून परतावं. "पण तुम्ही पाहुण्या. तुम्हाला त्रास झाला तर आम्हालाच कमीपणा येईल."

पाहुण्या. दोन वर्षं मी हा शब्द ऐकत होते, आणि आता तो माझ्या डोक्यात जायला लागला होता.

मिनेहारा विज्ञान विद्यापीठात मी दोन वर्षांच्या करारावर शिकवत होते. मार्चमध्ये करार संपणार होता. मला कायम करायचं की फुलांचा गुच्छ देऊन निरोप द्यायचा, हे त्या नोव्हेंबरात, स्थापनादिनानंतरच्या बैठकीत ठरणार होतं. आणि मला राहायचं होतं. आडपडदा कशाला ठेवू, फार राहायचं होतं.

का, ते सांगायचं तर या विद्यापीठाची कुंडली सांगायला हवी. ते खासगी. फक्त विज्ञान शिकवणारं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अकरा तरुण पदवीधरांनी ते काढलं. दिवसा हे लोक सरकारी नोकऱ्या करत, आणि काम सुटलं की एका प्राथमिक शाळेच्या मोकळ्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवत, तेही फुकट. त्यांच्याकडे उपकरण म्हणून एक तराजूसुद्धा नव्हता. नदीपलीकडच्या सरकारी कॉलेजने त्यांना उपकरणं उसनी दिली, पण त्याच दिवशी परत करायच्या बोलीवर. मग हे अकरा जण आळीपाळीने हातगाडी ओढत उपकरण आणायचे, प्रयोग दाखवायचे आणि पुन्हा ओढत परत नेऊन द्यायचे. त्याची आठवण म्हणून दर स्थापनादिनी नवीन शिक्षकांपैकी एक जण पलीकडून लंबक उसना आणतो, सगळ्यांसमोर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजतो आणि लंबक परत करतो. यंदा पाळी माझी होती.

दुसरी गोष्ट तिथल्या कडकपणाची. त्या शाळेत प्रवेश कुणालाही मिळे, परीक्षा नाही की शिफारस नाही. बाहेर पडणं मात्र महाकठीण. संस्थापकांनी एकच वाक्य लिहून ठेवलं होतं, 'येथे जो नापास होतो, तो पुन्हा करतो.' मिनेहाराच्या गावात याच्यावरून टवाळी चाले. मुलगा विज्ञान विद्यापीठात आहे असं कळलं, की मुलीकडचे हळूच विचारत, "बाहेर कधी पडणार?"

बार्शीकडच्या ज्या कॉलेजात मी आधी शिकवायचे, तिथे नेमकं याच्या उलट होतं. परीक्षा झाली की प्राचार्य चहाला बोलवायचे. "बारबोले बाई, दोन-चार मार्कांनी तुमच्या घरचं काय जातंय? पोराचं आयुष्य आहे." मी आठ वर्षं ते मार्क दिले. प्रत्येक वेळी घरी येऊन कुणाशी तरी विनाकारण भांडले. मिनेहारात मला पहिल्यांदा कुणी चहाला बोलावलं नाही. नापास म्हणजे नापास. त्या एका सुखासाठी मी कच्चे मासे खायला शिकले.

त्याच वर्षी जूनमध्ये मी हायामी नावाच्या विद्यार्थिनीला नापास केलं होतं. वय सव्वीस. दिवसा चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी कॉलेज. पदवी मिळाली की कारखाना तिला तपासणी विभागात बढती देणार होता. तिने लंबकाच्या प्रयोगाचा रिपोर्ट दिला तो इतका देखणा, की एकही रीडिंग इकडचं तिकडे नाही. बघताक्षणी मला हसू आलं. हे तर आमचं ९८१.

आमच्याकडे बीएस्सीला गुरुत्वाकर्षणाचा प्रयोग म्हणजे उत्तर आधी आणि रीडिंग मागाहून. उत्तर ९८१, पुस्तकात छापलेलं. त्याच्यावरून उलटं गणित करत यायचं आणि झोक्यांचे आकडे भरायचे. अख्ख्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय. गंमत म्हणजे ९८१ हा आकडा लंडन-पॅरिसकडचा. आपल्याकडे पृथ्वी तेवढी ओढतच नाही, ९७८च्या आसपास ओढते. म्हणजे आम्ही नुसती लबाडी करत नव्हतो, तीही दुसऱ्याच्या गावची करत होतो. असल्या शाळेतून आलेल्या बाईला बनवलेलं रीडिंग ओळखायला भिंग लागत नाही. मी हायामीला समोर बसवून विचारलं. ती खोटं बोलली नाही. तिला प्रयोगाला वेळ मिळाला नव्हता. मी नापास केलं, तिने वाकून नमस्कार केला आणि रिपोर्ट घेऊन गेली. तिचं वर्ष गेलं. मला झोप लागली, पण उशिरा.

तीच हायामी आता हातगाडीच्या मागे, ढकलायला उभी होती.

"इनागाकी-सान," मी म्हणाले, "मी बार्शीची आहे. आमच्या घरी पाण्याचं पिंप गाडीवरून मी आणि माझी बहीण आणायचो. गाडी मी ओढणार."

इनागाकी हसले. त्यांच्या हसण्याचा अर्थ 'नाही' असा असतो, हे कळायला मला एक वर्ष लागलं होतं. पण तो कळला नाही असं दाखवायची सोय पाहुण्याला असते. मी दांडा धरला आणि निघाले.

पूल आला, बाजार आला. दुकानदार बाहेर येऊन बघू लागले. साडी नेसलेली परदेशी बाई गाडी ओढतेय म्हटल्यावर एका फुलवालीने तर तोंडात बोट घातलं. उतारावर गाडीने जोर घेतला आणि मी जवळजवळ पळतच खाली आले. मागे इनागाकी छत्री सांभाळत धावत होते आणि "छान, फारच छान" म्हणत होते. दोन वर्षांत माझ्या प्रत्येक गोष्टीला ते हेच म्हणत आले होते. माझं जपानी छान, माझी लेक्चरं छान, मी बिघडवलेला व्हॅक्यूम पंपही छानच. त्या गावात मला कधीच कुणी 'तुमचं चुकलं' म्हटलं नव्हतं.

सभागृहात चारशे माणसं होती. पुढच्या रांगेत संस्थापकांचे नातू-पणतू. लाकडी मंचावर शेवंतीच्या कुंड्या आणि लंबकाचा स्टँड. कोपऱ्यात खुर्चीवर सेगावा, संस्थेचे अध्यक्ष, ऐंशी ओलांडलेले, कानाने अधू. त्यांचे आजोबा अकरांपैकी एक. सेगावांच्या हातात एक रेशमी गोंडा होता, आणि गोंड्याची दोरी गेली होती एका झाकलेल्या फळीकडे.

त्या फळीची गोष्ट इनागाकींनी मला आदल्या दिवशी सांगितली होती. "तुम्ही लंबक हलवायचा. विद्यार्थी दहापर्यंत मोजतील. मग सेगावा-सान दोरी ओढतील, आकडा दिसेल, टाळ्या. एवढंच."

"कुठला आकडा?"

"९७९.८. आपल्या गावचा. अक्षर फार सुंदर आहे, हे सभागृह बांधलं तेव्हा मुद्दाम रंगवून घेतलंय."

"म्हणजे उत्तर आधीच लिहिलेलं आहे?"

"सोहळा आहे, सेन्सेई."

"पण मोजत कुणीच नाही?"

"मोजतात की. दहापर्यंत." आणि मग अगदी मऊ आवाजात, "सगळ्यांना तुम्ही आवडता. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. उद्याचा दिवस सुरळीत जावा, एवढीच माझी इच्छा."

धमकी नव्हती ती. भला माणूस मला नोकरी मिळवून द्यायला बघत होता. मी रात्री ठरवलं, सोहळा तर सोहळा. पाहुण्याने यजमानाच्या घरातली जळमटं मोजू नयेत. दहा झोके द्यायचे, वाकून नमस्कार करायचा आणि कायम व्हायचं.

मी लंबक टांगला. बाजूला केला. सोडला. विद्यार्थ्यांनी मोजायला सुरुवात केली. "इची, नी, सान..." दांडी जात होती, येत होती. मी सहज नजर वर केली तर बाजूला, विद्यार्थ्यांच्या बाकावर हायामी. ती लंबकाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. नुसती बघत होती, मी आता काय करते ते.

"क्यू, ज्यू." दहा झाले. विद्यार्थी थांबले. सेगावांनी गोंडा घट्ट धरला.

"मोजत राहा," मी म्हणाले.

विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इनागाकी खुर्चीतून अर्धे उठले.

"शंभरपर्यंत," मी म्हणाले. "प्रयोगशाळेत तुमच्याकडून शंभर मोजून घेते ना मी? तसेच."

मग हायामीने सुरुवात केली, "ज्यू-इची," आणि मागून सगळा बाक मोजू लागला. घड्याळ माझ्या हातात होतं. सभागृहात शंभर झोके म्हणजे फार मोठा काळ. पणतवंडं चुळबुळ करू लागली, कुणी खोकलं. शंभर झाल्यावर मी दांडी उलटी केली. या लंबकाची खुबीच ती, सरळ टांगून मोजायचा आणि उलटा टांगूनही मोजायचा. पुन्हा शंभर. इनागाकींच्या कपाळावर घाम दिसत होता. माझे हात स्थिर होते. हे काम मला येत होतं. दुसरं काही नाही तरी हे काम मला नक्की येत होतं.

मी फळ्यावर गणित मांडलं. पायरी पायरीने, वर्गात मांडते तसं. शेवटची ओळ लिहिली आणि स्वतःच दचकले.

९७१.

पुन्हा तपासलं. गणित बरोबर होतं. आकडा चूक होता. थोडाथोडका नाही, चांगलाच. पहिल्या वर्षाच्या पोरालाही लाज वाटावी इतका.

आणि त्याच क्षणी, मी लिहून थांबले हे बघून, सेगावांनी मोठ्या समाधानाने दोरी ओढली. रेशमी कापड सरकलं. सोनेरी कडेच्या फळीवर, काळ्याभोर अक्षरांत ९७९.८, आणि शेजारी माझ्या खडूचे ९७१. चारशे माणसांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. टाळ्यांसाठी वर आलेले काही हात तसेच राहिले.

इनागाकी पुढे आले. त्यांचा आवाज लोण्यासारखा होता. "आपल्या भारतीय पाहुण्यांनी आज स्वतः गाडी ओढली. त्या दमल्या आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल आपण सर्वांनी..."

"मी दमलेले नाही," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "आकडा चुकला आहे. का चुकला ते मला आत्ता ठाऊक नाही. पण मला आला तो हाच. तो मी पुसणार नाही."

नोकरी गेली, हे मला स्वच्छ कळलं. बार्शीला भावाला काय सांगायचं, याची वाक्यंसुद्धा मनात जुळू लागली. आणि तरी बार्शीकडच्या त्या आठ वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं.

हायामी उभी राहिली. तिथे विद्यार्थी असे मध्येच उभे राहत नाहीत.

"सेन्सेई, माफ करा. असा रिपोर्ट मी दिला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

"विचारलं असतं, चूक कुठे झाली?"

"आणि मला सांगता आलं नसतं तर?"

"तर नापास."

"काय म्हणाल्या?" सेगावांनी कानामागे हात धरला.

"नापास," मी मोठ्याने म्हणाले. "मी नापास."

सेगावा हळूहळू उठले. काठी टेकत माझ्या फळ्यापाशी आले, खडूचा आकडा जवळून पाहिला, मग आपली सोनेरी फळी पाहिली.

"इनागाकी-कुन," ते म्हणाले. इनागाकी साठीचे होते, पण सेगावांसाठी अजून पोरच. "ही फळी कोणत्या वर्षी रंगवली?"

"सभागृह झालं तेव्हा. चाळीस वर्षं झाली."

"तेव्हापासून शंभर झोके कुणी मोजले?"

इनागाकींनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांनी स्वतः नवीन शिक्षक म्हणून याच मंचावर दहा मोजले होते, हे मला मागाहून कळलं.

"हं." सेगावा हायामीकडे वळले. "मुली, आपल्याकडे नापास झालेल्याने काय करायचं असतं?"

"पुन्हा करायचं," हायामी म्हणाली. "मी करतेय."

"कुणीही असो?"

"तो नियम विद्यार्थ्यांसाठी आहे," इनागाकी हळूच म्हणाले.

"वाक्यात विद्यार्थी आहे का? माझ्याकडून आजोबांनी पाठ करून घेतलंय. 'येथे जो नापास होतो.' जो." म्हाताऱ्याने काठी मंचावर आपटली. "बारबोले सेन्सेई नापास आहेत. त्या पुढच्या वर्षी पुन्हा करतील."

"पण अध्यक्ष, त्यांचा करार मार्चमध्ये..."

"मग त्याचं काय ते बघा. नापास माणसाला असं सोडून देता येत नाही."

एवढं बोलून ते खुर्चीवर जाऊन बसले आणि चहा मागितला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्यातल्या कुणाला काय वाटलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण विद्यार्थ्यांच्या बाकावर हायामी तोंडावर हात धरून हसत होती, आणि मग शेजारचेही हसायला लागले.

माणसं चहाला पांगली तेव्हा ती मंचावर आली. सोबत पाण्याचा ग्लास. तो तिने स्टँडच्या पायाशी ठेवला आणि लंबकाला झोका दिला. ग्लासातलं पाणी झोक्याबरोबर थरथरू लागलं.

आम्ही दोघी खाली वाकून बघत राहिलो. मंच लाकडी. लंबकाबरोबर सगळा मंच डुलत होता, म्हणून झोका लांबत होता आणि आकडा घसरत होता. संस्थापकांच्या काळी ते जमिनीवर मोजायचे. मंच आला आणि उत्तर बिघडलं, पण फळी होती म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

"आता सांगता आलं की," हायामी म्हणाली. "मग तुम्ही पास?"

"रिपोर्ट देताना सांगता यायला हवं होतं," मी म्हणाले. "नापासच."

"मग पुढच्या वर्षी आपण दोघी एकाच यत्तेत," ती म्हणाली, आणि लंबक स्टँडवरून उतरवायला लागली.

लंबक त्याच दिवशी परत द्यायचा होता. विद्यार्थ्यांनी तो गादीवर बांधला. मी दांडा धरायला गेले तर इनागाकी आधीच गाडीपाशी उभे. त्यांनी कोट काढून घडी करून गादीवर ठेवला होता. दोन वर्षांत मी त्यांना बिनकोटाचं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता माफी मागायला हवी.

"इनागाकी-सान, आज तुमची फार पंचाईत केली मी."

"केलीत," ते म्हणाले.

मी थबकले. त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

"आणि सकाळी उतारावर तुम्ही गाडी चुकीची धरली होती," ते पुढे म्हणाले. "दांडा खाली दाबायचा असतो. तुम्ही वर उचलत होतात. लंबक पडला असता. मी मागून ओरडायला हवं होतं. तुम्ही पाहुण्या म्हणून ओरडलो नाही." ते गाडीच्या मागे गेले आणि दोन्ही हात टेकवून उभे राहिले. "पुढच्या वर्षी असं चालणार नाही. आता नीट धरा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी पुढे तोंड केलं आणि दांडा खाली दाबला.

"अजून खाली," ते मागून म्हणाले. "चूक. अजून."